पेटीतली माउली

दोमितिलाने तिसऱ्यांदा फाटकाची कडी वाजवली तेव्हा मी मरियामातेच्या पेटीवर शाल टाकली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"रोसाउरा, अगं आहेस ना घरात? चुलीचा धूर दिसतोय."

आता धुराचं काय करणार? मी दार फटीएवढं उघडलं. दोमितिला फाटकाबाहेर उभी होती. डोक्यावर तीच जुनी काळी टोपी, आणि हातात फडक्याने झाकलेला वाडगा. ही बाई रिकाम्या हाताने कुणाच्या दारात गेलेली मी पाहिलेली नाही.

"मका उकडलाय. गरम आहे, घे."

"भूक नाही."

"मग नंतर खा." तिने वाडगा कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. "मी माउलीला न्यायला आले होते. सोमवारीच माझ्याकडे यायची होती ना? आज गुरुवार झाला."

"वार कळतात मला."

"तसं नाही गं. माझी गाय आज-उद्यावर आलीय. मागच्या खेपेला वासरू पोटातच गेलं, तुला माहितीय. म्हटलं माउली घरात असली तर जरा धीर येईल."

माझ्या डोक्यात सणक गेली. "गायीसाठी? इथे माझ्या पोराचा पत्ता नाही, आणि तुला गायीसाठी माउली हवीय?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला कुणाशी तरी कडाकडा भांडायचंच होतं. पण दोमितिलाचं चिडणं आमच्या वाडीत कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. तिने खाली बघितलं, टोपी सारखी केली.

"गायसुद्धा देवाचीच ना बाई," ती म्हणाली. "मका गार व्हायच्या आत खा."

आणि गेली. मी दार लावलं, कडी घातली आणि वर पाटा टेकवला.

आमच्याकडची पद्धत सांगते. काचेचं दार असलेली एक लाकडी पेटी आहे, वर धरायला कातडी मूठ. आत वीतभर उंचीची मरियामाता, निळा झगा, एका हाताचं बोट तुटलेलं. ही पेटी वाडीतल्या घरोघरी फिरते. एका घरी एकच दिवस. दुपारी चार वाजता आली की सगळ्या बायका जमायच्या, जपमाळ करायची, दालचिनीचं गरम पाणी आणि पाव खायचा, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या घरच्या बाईने स्वतः पेटी उचलून पुढच्या घरी न्यायची. माझ्या आजीच्या वेळेपासून असंच चाललंय. भूकंप झाला त्या वर्षीसुद्धा माउली एका घरी दोन रात्री राहिली नव्हती.

माझ्याकडे ती रविवारी आली. सोमवारी चार वाजता मी शाल पांघरली, पेटीच्या मुठीला हात घातला, आणि मला ती उचलवेना. जड होती म्हणून नाही. ती दाराबाहेर गेली की क्लेवेर गेला, असं मनाने घेतलं. बस. एकदा मनाने घेतल्यावर त्याला कोण समजावणार? मी शाल काढून ठेवली आणि दार लावून घेतलं.

क्लेवेर माझा एकुलता एक. बावीस वर्षांचा. त्याचा बाप पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गेला. मेला नाही, गेला. न्यूयॉर्कला. पहिली काही वर्षं फोन यायचे, मग नाताळला यायचे, मग तिकडे दुसरा संसार झाल्याचं कानावर आलं आणि मी फोनची वाट बघणं सोडून दिलं. पोराला मी टोप्या विणून वाढवलं. आमच्याकडच्या सगळ्या बाया तेच करतात. ओल्या गवताच्या काड्या बोटांत घेऊन जन्माला आल्यासारख्या आम्ही चालताना विणतो, भांडताना विणतो, चर्चच्या पायरीवर बसून विणतो.

क्लेवेरही तिकडेच निघाला. मी आकांडतांडव केलं, दोन दिवस जेवले नाही. तो म्हणाला, "आई, इथे राहून मी काय तुझ्या टोप्या डोक्यावर घालून बसू?" दलालाने त्याला आणि बरोबरच्यांना विमानाने नाही, पायी नेलं, सरहद्दीवरच्या त्या जंगलातून, जिथे रस्ता नाही आणि पोलिसही नाहीत. मागच्या शुक्रवारी फोनवर त्याच्या आवाजातला निरोप आला होता. "आई, उद्या सकाळी आत शिरतोय. आत फोन लागत नाही. पाचेक दिवस लागतील म्हणतात. जेवत जा." एवढंच. तो निरोप मी इतक्यांदा ऐकला की त्याच्यामागे भुंकणारं कुत्रंसुद्धा मला ओळखीचं वाटायला लागलं.

पाचेक दिवस झाले, वर आणखी झाले. फोन एप्रनच्या खिशात, झोपताना उशाखाली. मधूनच तो वाजल्याचा भास व्हायचा आणि काढून बघावं तर काही नाही. मी विणायला बसायची, पण बोटं ऐकत नव्हती. काड्या इतक्या आवळल्या जायच्या की टोपी बाहुलीला बसेल एवढी होऊन यायची. उसवायची, पुन्हा धरायची, पुन्हा तेच. अंगणात जायची, आत यायची. चुलीवर पाणी ठेवून विसरायची. घरभर जळक्या भांड्याचा वास बसला होता.

आणि सारखी माउलीशी भांडायची.

"तुझा पोरगाही लहानपणी देवळात मागे राहिला होता ना? तीन दिवस सापडत नव्हता," मी तिला म्हणायची. "तेव्हा तू काय केलंस? शांत बसून राहिलीस? फिरलीसच ना वेड्यासारखी, ज्याला त्याला विचारत? मग मला कशाला शहाणपण शिकवतेस?"

ती बिचारी काय शिकवणार? तुटक्या बोटाचा हात पुढे करून उभी होती, तशीच उभी राहिली.

शुक्रवारी तेओफिला काकू आल्या. चर्चची चावी त्यांच्याकडे असते, तोंडाला मात्र कुलूप नाही. सोबत आणखी दोघीजणी. त्या फाटकापाशी थांबल्या नाहीत, सरळ अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"रोसाउरा, माउली काय तुझ्या हुंड्यात आली होती का?" काकूंनी सुरुवात केली.

"क्लेवेरचा फोन आला की देईन."

"आणि नाही आला तर?"

एवढं बोलून काकूंनी स्वतःच जीभ चावली. सोबतच्या बाया खाली बघायला लागल्या. मला तेवढंच पुरलं. मी जे सुटले ते काय काय बोलले आठवत नाही. तुमची पोरं पोहोचलीत म्हणून तुम्हाला जपमाळा सुचतात, असं म्हणाले. काकूंच्या नवऱ्याच्या दारूवरही घसरले, ज्याचा इथे काही संबंध नव्हता. त्यांच्यातली एक, जिची लेक तिकडे कुणाच्या घरी भांडी घासते, ती हळूच म्हणाली, "आमची पोहोचली म्हणजे काय आमची काळजी संपली का? प्रत्येकीचं कुणी ना कुणी तिकडेच आहे. तू एकटीच आई आहेस का?"

"आज तरी मी एकटीच आहे," मी म्हणाले आणि दार आपटलं.

काकू बाहेरून ओरडल्या, "रविवारी फादर येणार आहेत. सांगते त्यांना."

"सांगा. पोपना पण सांगा."

त्या गेल्या. मी हसले. मग हसता हसता रडायला लागले आणि मला थांबता येईना. कितीतरी वेळ मी तशीच जमिनीवर बसून होते.

शनिवारी सकाळी पेटीपुढची फुलं काढायला घेतली. कुजून काळी पडली होती, पाण्याला वास येत होता. मेणबत्त्यांचं मेण टेबलावरून ओघळून खाली आलेलं. काचेवर माझ्या बोटांचे तेलकट ठसे. माउलीची अशी दशा कधी कुणाच्या घरात झाली नसेल. मी फडकं घेऊन काच पुसायला लागले आणि पुसताना माझ्या लक्षात आलं की रविवारच्या जपमाळेनंतर मी एक धड प्रार्थना केलेली नाही. भांडले होते, धमक्या दिल्या होत्या, पण मुख्य म्हणजे राखण केली होती. कोंबडीवर टोपली टाकून तिच्यावर बसावं तशी मी देवाच्या आईवर बसले होते.

मग एक साधा विचार आला. इतका साधा की मला माझीच लाज वाटली. ही माउली जर ज्या घरात पेटी असेल त्याच घरात असते, तर मग ती माझ्या टेबलावर आहे आणि क्लेवेर तिकडे चिखलात एकटा आहे. माझ्या टेबलाला तिची काय गरज? आणि ती जर त्याच्याजवळही असेल, तर मी दाराला पाटा टेकवून कुणाला अडवतेय?

मी फडकं ठेवलं. खुर्चीवर बसले. म्हणाले, "बरं बाई. माझ्याच्याने काही होत नाही. मी रस्ता धरू शकत नाही, नदी धरू शकत नाही, पोराचा हात धरू शकत नाही. तूच बघ." मागायचं म्हणून मागितलं नाही. हातातलं ओझं खाली ठेवावं तसं ठेवलं. आणि खरंच सांगते, बरं वाटलं. बाहेर चिमण्या ओरडत होत्या, त्या इतके दिवस ओरडत नव्हत्या की मलाच ऐकू येत नव्हत्या कोण जाणे.

चार वाजता मी केस विंचरले, बागेतली ताजी फुलं तोडली, पेटी उचलली आणि दोमितिलाकडे निघाले. गायीसाठी तर गायीसाठी. वाटेत तेओफिला काकूंच्या दारावरून जावं लागतं. त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. चिमटा तोंडात धरून क्रूसाची खूण केली आणि घरात जाऊन बाकीच्या बायकांना निरोप धाडला.

दोमितिलाच्या गोठ्याशी आले तर गाय रवंथ करत उभी होती आणि तिच्या आचळाला तोंड लावून एक वासरू ढुशा देत होतं. कोरडं, चकचकीत, चारी पायांवर पक्कं. मला गाईगुरांतलं फार कळतं अशातला भाग नाही, पण हे वासरू काल-परवाचं नव्हतं हे आंधळ्यालाही कळलं असतं.

दोमितिला दारात आली. तिने पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कधी व्यायली ही?" मी विचारलं.

"झाला आठवडा."

"मग गुरुवारी मला काय सांगत होतीस?"

तिने पेटी माझ्या हातातून घेतली, काचेला ओठ टेकवले आणि आत नेऊन ठेवली. टेबलावर पांढराशुभ्र कपडा अंथरलेला होता. सोमवारपासून अंथरलेला असणार. मग ती बाकावर बसली आणि शेजारच्या जागेवर हात थोपटून मला बसवलं.

"जोफ्रे पण गेलाय," ती म्हणाली. "तुझ्या क्लेवेरबरोबर."

जोफ्रे तिचा धाकटा. एकोणीस वर्षांचा, उंच, गालावर तीळ. तो खाली समुद्राकाठी ग्वायाकीलला कोळंबीच्या तळ्यांवर कामाला लागलाय असं ती सगळ्यांना सांगत होती आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"शपथ घालून गेला. पोहोचेपर्यंत कुणाला सांगू नकोस म्हणाला. आधी बोभाटा झाला की वाट अडते." आमच्याकडे हे सगळेच मानतात. मीच एक तोंडाळ, क्लेवेर निघाल्याचं साऱ्या वाडीला ऐकवून बसले होते. "आणि तुला काय सांगणार होते? माझाही तिकडे आहे, तेव्हा दे? तू आधीच अर्धी वेडी झाली होतीस. म्हटलं गायीचं नाव घेऊन बघू."

"मी तुला हाकललं."

"हाकललं तर हाकललं. मका खाल्लास की नाही?"

मला तिच्याकडे बघवेना. इतके दिवस ही बाई माझ्यासारखीच जळत होती, आणि पहाटे उठून दूध काढत होती, मका उकडत होती, माझ्या दारात येऊन शिव्या खाऊन परत जात होती. "तुला झोप लागते?" मी विचारलं.

"कधी लागते, कधी नाही. नाही लागली की देवाला म्हणते, मी जागी आहे, तूही जागा आहेस, तर बघ जरा पोराकडे. मग पडून राहते."

बायका आल्या. जपमाळ झाली. मी आणि दोमितिला एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसलो होतो.

रविवारी सकाळी फोन आला. अनोळखी लांबलचक नंबर. मी फोन कानाला लावला.

"आई. बाहेर पडलो आई."

त्याचा आवाज. बसलेला, पण त्याचाच. मी काय बोलले देव जाणे. जेवलास का, पाय कसे आहेत, ताप आहे का. तो हो, हो म्हणत राहिला. मग मी म्हणाले, "आणि जोफ्रे? त्याला दे, दोमितिलाला आत्ताच जाऊन सांगते."

मागे कुणीतरी मोठ्याने नावं पुकारत होतं.

"नदी चढली आई," तो म्हणाला. "सोमवारी. आम्ही एकमेकांना धरूनच उतरलो होतो. माझा हात सुटला. दुसऱ्या दिवशी खाली सापडला. काठावर पुरलं आम्ही. काठ्यांचा क्रूस केला. दोमितिला काकूंना तू सांग. माझ्याच्याने नाही होणार."

सोमवार. चार वाजता मी मुठीला हात घालून पेटी उचलली नव्हती, तो सोमवार. माझा पोरगा जिवंत होता आणि आनंद कुठे ठेवावा हे मला कळत नव्हतं. कालची ती शांती कुठल्या कुठे गेली. मी अनवाणीच निघाले.

दोमितिला अंगण झाडत होती. माझ्या तोंडाकडे बघून तिने झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

"क्लेवेरचा फोन आला?"

"आला."

"बरा आहे?"

"बरा आहे."

"देवाची कृपा," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. मग तिथेच पायरीवर बसली. तिने पुढचं विचारलं नाही. मला तिच्यासमोर उभं राहून सांगावं लागलं. नदी, हात, काठ, काठ्यांचा क्रूस, सगळं. ती ऐकत होती, डोळे वासराकडे.

"कधी?"

खोटं बोलावं असं मनात आलं. "सोमवारी," मी म्हणाले. आणि मग माझ्या तोंडून भसकन बाहेर पडलं, "मी माउली आणली असती तर. सोमवारी तुझ्याकडे यायची होती. मी कोंडून ठेवली दोमितिला, मी—"

"गप्प."

तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. तिने माझं मनगट धरलं, दुखेल इतकं.

"पाणी चढलं म्हणून तो गेला. तुझ्या टेबलामुळे नाही. देव असा हिशोब करत असेल तर मी त्याच्यापुढे गुडघे कशाला टेकवू?" मग तिने मनगट सोडलं आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडली. मोठ्याने, पोटातून. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. दुपार होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. गाय हंबरली तेव्हा ती उठली, गायीला पाणी पाजलं, आणि परत येऊन बसली.

चार वाजायला आले तेव्हा ती आत गेली. तोंड धुतलं, केसांच्या दोन वेण्या नव्याने घातल्या, काळी शाल घेतली आणि पेटी उचलून बाहेर आली.

"आज नको," मी म्हणाले. "आज राहू दे तुझ्याकडे. कुणी काही बोलणार नाही. मी बघते कोण बोलतं ते."

"एल्विया वाट बघत असेल. तिचं लेकरू आजारी आहे."

"मग मी नेते. तू बस."

"माझ्या घरची मीच न्यायची," ती म्हणाली आणि चालू लागली.

एल्वियाचं घर चढावर आहे. मी फुलं घेऊन मागून चालत होते. दोमितिला मध्येच एकदा थांबली, पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा चढायला लागली. मला वाटत होतं देवावर विश्वास म्हणजे आपलं माणूस सुखरूप येईल हा विश्वास. तिच्या पाठीकडे बघताना कळलं की ती दुसऱ्याच कशावर तरी टेकून चालली होती. ते काय आहे हे मला अजून नीट सांगता येत नाही.

बायका जमल्या होत्या. माझ्या पोराचा फोन आल्याचं सकाळी वाटेत मी काकूंना ओझरतं सांगितलं होतं, ते सगळ्यांना कळलं होतं, त्या माझे हात दाबत होत्या. तेओफिला काकूंनी तर मला मिठीच मारली. दोमितिलाबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. तिने पेटी टेबलावर ठेवली, एल्वियाच्या कडेवरच्या लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, आणि माझ्याशेजारी बसली.

जपमाळ संपली की आधी वाटेवरच्या माणसांची नावं घेतात आणि मग देवाघरी गेलेल्यांची. वाटेवरच्यांची नावं झाली. क्लेवेरचं नाव मी घेतलं, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. दोमितिला काही बोलली नाही.

मग काकूंनी गेलेल्यांची नावं सुरू केली. आपापल्या आईबापांची, नवऱ्यांची, जुनी सगळी नावं, वर्षानुवर्षं त्याच क्रमाने येणारी. ती संपली असं वाटून काकू पुढची प्रार्थना म्हणायला लागणार तेवढ्यात दोमितिला म्हणाली, "जोफ्रे. माझा मुलगा."

काकूंच्या हातातली माळ तशीच राहिली, त्यांना पुढचे शब्द सुचेनात. एल्विया तोंडावर हात ठेवून रडायला लागली. दोमितिलाने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने स्वतःच प्रार्थना उचलली, आणि आम्ही तिच्यामागून म्हणत गेलो.